प्लेस्टेशनमधली चिप काढताना

सोनीच्या प्लेस्टेशन टू या व्हिडिओ गेमच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, नकली आणि परदेशी डिस्क चालवून देणारी ‘मॉड चिप’ बसवून घेतलेले लोक आपल्याकडे पैशाला पासरी सापडतील. मी गेल्या पावसाळ्यात बसलेली चिप काढली. चिप जावी पण तिच्यामुळे जे जमत होतं ते राहावं, म्हणजे कुठल्याही देशाची डिस्क चालावी आणि थकलेल्या लेन्सला आराम देऊन खेळ हार्ड डिस्कवरून सुरू व्हावेत, एवढीच अपेक्षा होती. काम फार अवघड नाही. पण यंत्र उघडून समोर ठेवलं की बनवणाऱ्याने काय मोकळं सोडलंय आणि काय घट्ट बंद केलंय हे दिसायला लागतं. मग असंच का केलं असेल या प्रश्नापायी माझा हातातल्या कामापेक्षा वाचनात जास्त वेळ गेला. इथे दोन्ही लिहितो आहे, थोडं सरमिसळ करून.

यंत्र माझ्या आतेभावाचं. दादाने ते इंजिनीअरिंगला असताना ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर घेतलं होतं, अर्थातच बिलाशिवाय. दुकानदाराने दाखवतानाच ‘चिप मारलेला पीस’ म्हणून दाखवला. बिनचिपेचा मागितला असता तर तो कोड्यातच पडला असता. मधली कित्येक वर्षं ते यंत्र डोंबिवलीला माळ्यावर पडून होतं. आता चालू केलं की कधी चालायचं, कधी नुसता काळा पडदा. दादा म्हणाला, “तूच घेऊन जा. नाहीतर भंगारात जाणारच आहे.”

तळाशी लेबल आहे : एससीपीएच-५०००६. प्लेस्टेशन टूच्या या क्रमांकातला शेवटचा आकडा प्रदेश सांगतो. ० म्हणजे जपान, १ अमेरिका, ३ ब्रिटन, ४ युरोप, आणि ६ म्हणजे हाँगकाँग-सिंगापूरकडचा माल. वीज आपल्यासारखीच २२० व्होल्टची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची कटकट नाही. मुंबईच्या ग्रे मार्केटला हा माल का आवडायचा ते यावरून कळतं. अडचण वेगळीच होती. हे यंत्र जपान-आशिया गटातल्या डिस्क चालवतं. भारत मात्र सोनीच्या व्यवस्थेत युरोप विभागाखाली येत होता, म्हणून आपल्याकडे अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या डिस्क युरोप गटातल्या, ‘पाल’ या टीव्ही चित्रपद्धतीच्या. सिनेमाच्या डीव्हीडीचंही तसंच : हाँगकाँग प्रदेश ३ मध्ये, भारत ५ मध्ये. दादाने मोठ्या दुकानात जाऊन, पावती घेऊन अस्सल डिस्क आणली असती तरी त्या यंत्राने ती नाकारली असती. चिपेचा विषय निघाला की सगळे पायरसीवर येतात आणि ते खोटंही नाही. फुटपाथवर शंभराच्या आत मिळणारी डिस्क चालावी म्हणूनच बहुतेकांनी चिप घेतली. पण अस्सल माल घेणाऱ्यालाही त्या यंत्रावर चिपेवाचून गत्यंतर नव्हतं, हे मला लेबल वाचल्यावर प्रथमच जाणवलं.

उघडायला साधा प्लसचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. जाड प्लेस्टेशन टूच्या तळाला रबरी आणि प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्या टोकदार काहीतरी घालून काढल्या की खाली स्क्रू. सोनीचं हे बरं आहे. निन्टेन्डोच्या यंत्रांना तीन पाकळ्यांच्या खोबणीचे किंवा वेगळ्याच डोक्याचे स्क्रू असतात आणि त्यासाठी बिट मागवावे लागतात. वरचं झाकण उचलताना मात्र घाई करू नये. पुढच्या पॉवर-इजेक्ट बटणांची पातळ रिबन केबल झाकणातून मदरबोर्डाकडे गेलेली असते आणि ती ताणली की फाटते.

मागच्या बाजूला सांध्यावर स्टिकर असतो, तो काढला तर वॉरंटी रद्द असं सांगणारा. आमचा अर्थातच केव्हाच फाटलेला. अमेरिकेत या स्टिकरचीही पंचाईत झाली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवली की नुसतं यंत्र उघडलं किंवा दुसऱ्याचा सुटा भाग वापरला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. सहांमध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघीही होत्या. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिघी एकाच यादीत सापडल्या याची मला गंमत वाटली.

आत वीस वर्षांची धूळ. पंख्याची पाती ब्रशने साफ केली. ड्राइव्हचं झाकण चार स्क्रूंचं आहे. ते काढून लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तिच्या रुळांवरचं वाळलेलं ग्रीस खरवडून नवीन लावलं, आणि घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलला. हे झाल्यावर बोर्ड उलटा केला आणि चिप दिसली. नखाएवढी हिरवी पट्टी, वरचा क्रमांक घासून पुसलेला, आणि तिच्यातून वीसेक केसांएवढ्या तारा निघून बोर्डभर पसरलेल्या. प्रत्येक तार कुठल्या तरी बारीक टिंबावर डागलेली. काही डाग इतके नेटके की पाहत राहावं. दोन तारांवर मात्र गरम गोंद ओतलेला होता आणि त्यातली एक सुटत आली होती. यंत्र लहरी का झालं होतं ते इथे कळलं.

ती चिप नेमकं काय करत होती हे समजून घ्यायला पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत मागे जावं लागतं. त्या काळ्या सीडीवर माहितीची जी वर्तुळाकार रेघ असते ती सुरुवातीच्या भागात किंचित थरथरती कोरलेली असे. त्या थरथरीत चार अक्षरांचा संकेत दडवलेला : जपानसाठी एक, अमेरिकेसाठी दुसरा, युरोपसाठी तिसरा. यंत्र आधी ती अक्षरं वाचायचं. घरातला सीडी बर्नर माहिती हुबेहूब उतरवतो पण ती थरथर उमटवू शकत नाही, म्हणून नक्कल चालत नसे. मॉड चिप डिस्कला हातही लावत नसे. योग्य क्षणी ती अक्षरं वायरीतून पाठवायची आणि यंत्राची समजूत व्हायची. काही रुपयांचा मायक्रोकंट्रोलर त्याला पुरायचा. प्लेस्टेशन टूमध्ये तपासणी बरीच वाढली, म्हणून तारांचीही संख्या वाढली. धोरण तेच.

एकाच कुलपात दोन कामं कोंबलेली होती. नक्कल ओळखणं हे एक आणि प्रदेश ओळखणं हे दुसरं. ग्राहकाला दुसऱ्यातून सुटका हवी असेल तर पहिलंही आपोआप मोडतं. यावरून खटलाही झाला. सिडनीच्या एडी स्टीव्हन्स नावाच्या माणसाने पहिल्या प्लेस्टेशनच्या चिपा विकल्या, बसवून दिल्या, आणि सोनीने त्याच्यावर दावा लावला. ऑक्टोबर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, स्टीव्हन्सच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा साधा होता : नक्कल होते ती बर्नरमध्ये, आधीच. यंत्रातलं हे कुलूप ती होताना थांबवत नाही, झाल्यावर चालू देत नाही इतकंच. मग कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ते नक्कल रोखणारं साधन कसं? ब्रिटनच्या न्यायालयाने त्याआधी वर्षभर, २००४ मध्ये, प्लेस्टेशन टूच्या चिपेबद्दल बरोबर उलटं सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये, अमेरिकेशी झालेल्या व्यापार कराराला धरून, कायदा बदलून घेतला. स्टीव्हन्स जिंकला, आणि त्याचा धंदा पुढच्यांना करता येऊ नये याची सोयही झाली.

आता पैशाकडे येतो.

मी लहानपणापासून ऐकत आलो की कन्सोल तोट्यात विकतात आणि खेळांवर कमावतात, म्हणून त्यांना चिपेचा राग. अर्धं बरोबर आहे. प्लेस्टेशन थ्री २००६ साली अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने सुटे भाग मोजून एका यंत्राचा उत्पादनखर्च सुमारे ८०५ आणि ८४० डॉलर काढला होता. मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी मे २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रांच्या विक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. त्याच खटल्यात आलेला दुसरा आकडा म्हणजे एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे घेतला जाणारा ३० टक्के वाटा. म्हणजे रस्ता स्वस्तात बांधून द्यायचा आणि टोलनाक्यावर वसूल करायचा, असा हा हिशेब.

पण मग निन्टेन्डोचं काय? ‘वी’ हे यंत्र त्यांनी तोट्यात विकलं नाही, पहिल्या दिवसापासून त्यात नफा होता. तरी तिघींमध्ये मॉडिंगबद्दल सगळ्यात कडक निन्टेन्डोच. त्यांच्या ‘स्विच’ या यंत्राच्या चिपा विकणाऱ्या टीम झेक्युटर टोळीतल्या गॅरी बाउझरला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली, शिवाय दिवाणी दाव्यात एक कोटी डॉलर देण्याचं त्याने कबूल केलं. ही रक्कम तो या जन्मी फेडेल असं कुणालाच वाटत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वापरकर्त्यांच्या करारात निन्टेन्डोने असंही घातलं की फेरफार आढळल्यास यंत्र कायमचं निकामी करण्याचा अधिकार कंपनीला राहील. विकत घेतलेली वस्तू, दुकानदार घरी येऊन फोडणार. तोटा हे कारण असतं तर निन्टेन्डो सगळ्यात मवाळ असायला हवी होती. तोटा हे कारण नाहीच. नाका हे कारण आहे.

आणि नाक्याची कल्पना निन्टेन्डोचीच. आपल्यापैकी नव्वदीत वाढलेल्यांनी जो ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ खेळला, ‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट घातलेला, तो त्यांच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होता. १९८३ च्या मूळ जपानी फॅमिकॉममध्ये कुलूपच नव्हतं. कुणीही कार्ट्रिज बनवून विकावं. अमेरिकेला १९८५ मध्ये तेच यंत्र एनईएस या नावाने नेताना निन्टेन्डोने टेनएनईएस नावाची चिप घातली, एक यंत्रात आणि तिची जोडीदारीण प्रत्येक कार्ट्रिजमध्ये. दोघींची बोलणी जुळली नाहीत तर यंत्र सारखं रिसेट होत राहायचं. जोडीदारीण मिळायची फक्त निन्टेन्डोकडून, त्यांच्या अटींवर. एका कंपनीला वर्षाला पाचच खेळ, ही त्यातली एक. या सगळ्या बंदोबस्तावर उपाय काय सापडला, तर यंत्रातल्या चिपेचा चौथा पाय कापायचा. एक पाय कापला की ती चिप तपासणी करायची सोडून देते. जुनी एनईएस दुरुस्त करणारे आजही ते पहिल्यांदा करतात, कारण धुळीने कनेक्टर खराब झाला की अस्सल कार्ट्रिजवरही ती चिप रुसते.

असो. माझ्या टेबलावरच्या यंत्राकडे परत येतो.

चिप काढण्याआधी तिच्याकडून एक शेवटचं काम करून घ्यायचं होतं. पर्यायी व्यवस्था म्हणजे ‘फ्री मॅकबूट’, २००८ पासून चालत आलेलं एक मोफत सॉफ्टवेअर, जे ८ एमबीच्या मेमरी कार्डावर बसतं. सोनीने प्लेस्टेशन टूमध्ये एक सोय ठेवली होती : सुरू होताना यंत्र मेमरी कार्डावर स्वतःसाठी सुधारित फाइल आहे का ते बघतं, असली तर आधी ती चालवतं. डीव्हीडी प्लेयर वगैरे सुधारता यावा म्हणून. ती फाइल सांकेतिक लिपीत आणि त्या विशिष्ट कार्डाशी बांधलेली असावी लागते. पण हे बांधण्याचं काम यंत्राच्या आतलाच भाग करून देतो, त्याला फक्त सांगणारं कुणी पाहिजे. सांगणारं प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवायला मात्र कुलूप एकदा उघडलेलं लागतं, आणि आमच्याकडे चिप होती. इन्स्टॉलर सीडीवर बर्न केला, चिपेने ती बिनतक्रार चालू दिली, कार्ड तयार झालं. कार्ड लावून यंत्र बंद-चालू केलं तर नवा मेनू आला. दुसऱ्या कार्डावर त्याची प्रत करून ठेवली. ज्यांच्याकडे चिप नाही त्यांनी सरळ तयार कार्ड विकत घ्यावं, फार महाग नसतं.

मग इस्त्री गरम केली. सोल्डरिंग आयर्नला आमच्याकडे इस्त्रीच म्हणतात, माझा डिप्लोमाचा काळ आणि ती भाषा दोन्ही अजून सुटलेली नाही. पद्धत अशी : तारेच्या टोकाला फ्लक्स लावायचा, बारीक टोकाने क्षणभर स्पर्श करायचा, डाग वितळला की चिमट्याने तार सरळ वर. ओढायचं नाही. ओढलं तर खालचं तांब्याचं टिंबच निघून येतं आणि मग बोर्ड गेला. गोंदवाल्या तारांना आधी अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद सैल करावा लागला, त्या कामाला बाकी सगळ्या तारांइतका वेळ लागला. शेवटी तांब्याची विक फिरवून उरलेलं टिन उचललं, टूथब्रशने बोर्ड धुतला आणि शेजारच्या दोन टिंबांत कुठे जोड राहिली नाही ना ते मल्टिमीटरवर तपासलं. चिप निघाल्यावर जपानी अस्सल डिस्क घातली, चालली. जुनी बर्न केलेली घातली, लाल पडदा आला, म्हणजे यंत्राने ती नाकारली. लाल पडदा बघून इतका आनंद झालेला माणूस मीच असेन.

सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला गेलो होतो तेव्हा एका दुरुस्तीवाल्या काकांना चिप दाखवली. त्यांनी भिंग लावून बघितली आणि म्हणाले, “हे हातकाम आपल्या रांगेतलंच. गोंद मात्र नंतरचा, दुसऱ्या कुणाचा.” त्या दिवसांत त्यांच्याकडे चिपेसाठी यंत्रांची थप्पी लागलेली असायची, रात्री दुकान बंद झाल्यावर बसून डाग द्यायचे. धाड पडायची का, असं विचारलं. “पडायची ना. डिस्कवाल्यांवर. आम्ही डिस्क ठेवतच नव्हतो. कंपनीवाले कशाला येतील आमच्याकडे? त्यांचा पीस तर आमच्यामुळे खपत होता.”

काकांचं शेवटचं वाक्य मला घरी येईपर्यंत पुरलं. २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने जगभरच्या बदनाम बाजारांची यादी काढली त्यात मनीष मार्केट आणि हीरा पन्नाबरोबर लॅमिंग्टन रोडचंही नाव होतं. त्याच वर्षी सोनीने भारतासाठी भारतात बनवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन टूवर आणला, ४९९ रुपयांना. म्हणजे हे यंत्र इथल्या घराघरांत आहे आणि अस्सल खेळ घेणारे नाहीत हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं, आणि किंमत खाली आणून ती त्याच घरांपर्यंत पोचायला बघत होती. खेळ यथातथा होता. किंमत मात्र शहाणपणाची होती, आणि माझ्या मते पाच वर्षं उशिरा आली. जगभरात या यंत्राचे सोळा कोटी नग गेले. यातले आपल्याकडचे चिपवाले किती, याचा हिशेब कोण ठेवणार? पण चिपेशिवाय दादाने ते घेतलंच नसतं, आणि पुढे नोकरी लागल्यावर त्याने प्लेस्टेशन फोर रीतसर पावतीने घेतला, अस्सल डिस्कांसकट. कंपनीचं नुकसान झालं की फायदा, तुम्हीच ठरवा.

पुढचा टप्पा हार्ड डिस्कचा, आणि इथे सोनीचं दुसरं रूप दिसतं. जाड प्लेस्टेशन टूच्या पाठीमागे एक मोठा खण आहे, साडेतीन इंची हार्ड डिस्क बसेल असा. त्यावर नेटवर्क ॲडाप्टर लागतो आणि त्यालाच डिस्कचं कनेक्टर असतं. ही सोय कुणी हॅकरने केलेली नाही, कारखान्यातूनच आलेली आहे. २००२ मध्ये सोनीने अमेरिका-युरोपात चक्क लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा संच विकला : ४० जीबीची हार्ड डिस्क, नेटवर्क ॲडाप्टर, कीबोर्ड, माउस. घ्या आणि प्रोग्रॅमिंग करा. फक्त त्या लिनक्सला घरी बर्न केलेल्या डिस्क वाचता येत नव्हत्या. बाकी बरंचसं मोकळं. प्लेस्टेशन थ्रीमध्येही सुरुवातीला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची अधिकृत सोय होती, आणि तिथेही ग्राफिक्स चिपकडे जाणारी वाट बंद ठेवलेली, कारण ती मिळाली तर परवान्याशिवाय दमदार खेळ लिहिता आले असते. हे मला फार बोलकं वाटतं. संगणक म्हणून काय वाटेल ते करा, खेळाच्या वाटेवर मात्र नाका चुकवू नका.

अमेरिकेच्या हवाई दलाने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन थ्री जोडून महासंगणक उभा केला तेव्हा बातम्या कौतुकाच्या होत्या. विकणाऱ्याच्या बाजूने बघा : सतराशे यंत्रं गेली आणि त्यांच्यावर एकही खेळ विकला जाणार नाही. जॉर्ज हॉट्झ या हॅकरने जानेवारी २०१० मध्ये लिनक्सच्या वाटेने यंत्राच्या आतल्या थरापर्यंत पोचल्याचं जाहीर केलं आणि १ एप्रिलच्या अपडेटने सोनीने ती सोयच काढून टाकली. सुरक्षेचं कारण दिलं. जे विकताना वैशिष्ट्य म्हणून छापलं होतं ते घरी येऊन परत नेलं. याचा परिणाम असा झाला की इतके दिवस लिनक्सवर समाधानी असलेले हुशार लोक कुलपाच्या मागे लागले, आणि त्याच डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत हॅकर्सच्या फेलओव्हरफ्लो गटाने दाखवलं की सोनी आपल्या सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करताना जो आकडा प्रत्येक वेळी नवा घ्यायचा तो दर वेळी तोच घेत होती. त्यावरून गुप्त किल्ली गणिताने काढता आली. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात पुढे ३७.५ लाख डॉलरची तडजोड झाली. मी सोनीच्या जागी असतो तर ते लिनक्स निमूट राहू दिलं असतं.

याच्या उलट गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टची. नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्सला जोडायचा तो कॅमेरा बाजारात आला, काही दिवसांत हेक्टर मार्टिन या हॅकरने तो पीसीला जोडून दाखवला. सुरुवातीला कंपनीने डोळे वटारले, आठवडाभरात सूर बदलून यूएसबी जोडणी मुद्दामच उघडी ठेवली होती असं सांगितलं, आणि २०१२ मध्ये स्वतःच विंडोजसाठीचा किनेक्ट २४९ डॉलरला विकायला काढला. किनेक्ट पीसीला जोडल्याने खेळाचा वाटा कुठेच बुडत नव्हता. त्याच मायक्रोसॉफ्टने किनेक्ट येण्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, फेरफार केलेल्या लाखो एक्सबॉक्स ३६० यंत्रांना ऑनलाइन सेवेतून एका झटक्यात हाकललं होतं.

हार्ड डिस्कचं प्रत्यक्ष काम अर्ध्या दुपारचं. मूळ सोनीचा ॲडाप्टर आता महाग झालाय, म्हणून नेटवर्क नसलेला आणि साटा डिस्क घेणारा चिनी ॲडाप्टर मागवला. जुन्या पीसीतली डिस्क खणात सरकवली, ॲडाप्टर दोन मोठ्या स्क्रूंनी आवळला. कार्डावरच्या फाइल मॅनेजरमधून डिस्क फॉरमॅट केली. मग ती काढून पीसीला लावली आणि दादाकडच्या अस्सल डिस्का, अधिक मी जुन्या बाजारात जमवलेल्या, एकेक करून चढवल्या. ‘ओपन पीएसटू लोडर’ हा मोफत प्रोग्रॅम त्यांची यादी दाखवतो आणि प्रदेश विचारत नाही. ‘पाल’ डिस्क हाँगकाँगच्या यंत्रावर चालते, लेन्स हलतसुद्धा नाही. जुन्या एलसीडीवर ‘पाल’ खेळ थोडा वर-खाली सरकलेला दिसला, ते सेटिंगमध्ये जुळवलं. २००४ च्या पातळ मॉडेलमधून सोनीने हा खण काढूनच टाकला, त्यामुळे माळ्यावर जाड यंत्र पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका.

कायद्याचं विचारणारे भेटतात म्हणून थोडं. मी वकील नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडण्याला त्यात सूटही आहे. कायदेशीर मालकाने संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आधीपासून आहे. अमेरिकेत दर तीन वर्षांनी सवलती मागून घ्याव्या लागतात, आणि कन्सोलचा नुसता डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी कुलूप ओलांडायची परवानगी मिळायला २०२१ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला त्यातून गेम कन्सोल वगळले. तिथल्यापेक्षा आपला मजकूर मला अधिक समजूतदार वाटतो. मी डिस्क नसलेला एकही खेळ चढवलेला नाही. दादाच्या फुटपाथी डिस्कांची थैली तशीच परत पाठवली.

कंपन्यांनी आता काही गोष्टी सोडूनही दिल्यात. प्लेस्टेशन थ्री आणि फोरमध्ये साधी लॅपटॉपची डिस्क घालता येत होती, कशी ते पुस्तिकेतच छापलेलं. प्लेस्टेशन फाइव्हमध्ये सप्टेंबर २०२१ पासून स्वतःची एसएसडी बसवता येते. साठवण वाढली की माणूस जास्त खेळ विकत घेतो, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरला हरकत नाही. २०२३ च्या मॉडेलला बाहेरून लावायचा डिस्क ड्राइव्ह मात्र इंटरनेटवरून त्या यंत्राशी एकदा नोंदवावा लागतो. डिस्क म्हणजे सेकंडहँड खेळ, आणि सेकंडहँड खेळावर वाटा नाही. वीस वर्षांनी तो नोंदणीचा सर्व्हर बंद झालेला असेल तेव्हा माझ्यासारखा कुणी काय करेल ते मला आत्ता सांगता येणार नाही.

हे वाचून स्वतःचं यंत्र काढून बसणार असाल तर एक सूचना. तुमच्याकडे शेवटचं पातळ मॉडेल, एससीपीएच-९०००० मालिकेतलं असेल, तर आधी तळाच्या लेबलावरचा डेट कोड बघा. ८सी किंवा त्याच्या पुढचा असेल तर सोनीने मेमरी कार्डाची ती वाट बंद केलेली असण्याचीच शक्यता जास्त, कार्ड घेऊन पैसे वाया जातील. त्यासाठी २०२० मध्ये आलेली ‘फ्री डीव्हीडी बूट’ची पद्धत आहे, यंत्राच्या स्वतःच्या डीव्हीडी प्लेयरमधल्या चुकीवर चालणारी. एक कोरी डीव्हीडी-आर लागते, कमी वेगाने बर्न केलेली, आणि लेन्स ठणठणीत हवी.